तुला शिकवता येत नव्हतं, बस्त्याव

बस्त्याव, परवा तुझ्या शोकसभेत मी माइकसमोर उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य म्हणालो, "आपल्या बस्त्याव सरांना शिकवता येत नव्हतं." सभागृहात पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. फादर आपल्या बुटांकडे बघू लागले. तुझ्या दफनविधीच्या दिवशी रडून डोळे सुजवून घेतलेल्या ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथूनच माफी मागणार होतो. रेजिना वहिनी मात्र ओठ घट्ट दाबून बसल्या होत्या. त्यांना हसू येत होतं, हे मला व्यासपीठावरूनही दिसत होतं.

तू म्हणशील, सदा, मेलेल्या माणसाला तरी सोड. नाही सोडणार. तू इतक्या घाईनं गेलास, रात्री जेवून झोपलास आणि सकाळी उठलाच नाहीस, त्याचा राग अजून गेलेला नाही. आणि शिवाय मला दुसरा इलाज नव्हता. माझ्याआधी जो जो बोलायला उठला तो तो तेच म्हणाला. बस्त्याव सर म्हणजे जन्मजात शिक्षक. शिकवणं त्यांच्या रक्तातच होतं. देवाचं देणं होतं. एकानं तर तुझ्या पाळण्यापर्यंत मजल नेली. आणि चौथ्या रांगेत नलिनी बसली होती.

नलिनी आठवते ना? म्हणजे काय विचारतोय मी, तुझ्याच विभागातली. जूनमध्ये लागलेली, नालासोपाऱ्याहून येणारी, विद्यापीठात अर्थशास्त्रात वरचा नंबर काढलेली आणि वर्गात उभी राहिली की पहिल्या बाकालाही ऐकू न जाणारी. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी येणार नाही, असं तिनं तुला सांगितलं होतं, मग मला सांगितलं. तुझ्या शनिवारच्या बैठकीला ती एकदाच आली, कोपऱ्यात बसली आणि काही न बोलता गेली. तू म्हणाला होतास, "घाई करू नकोस, मी बोलतो तिच्याशी." आणि बोलायच्या आत गेलास.

तर प्रत्येक "जन्मजात" ला ती पोरगी मान हलवत होती. तिचा हिशेब मला तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होता: सरांना जन्मतःच येत होतं, मला जन्मतः येत नाही, म्हणजे मी जाते तेच बरोबर. बस्त्याव, तुझं कौतुक करता करता लोक तुझी पोरगी घालवत होते. म्हणून मी उठलो.

गंमत बघ. शिक्षक जन्मावा लागतो, हे माझं मत. तुझं मत, शिक्षक होता येतं. स्टाफरूममध्ये, बाजारात, तुझ्या ओट्यावर सुकेळी खात, किल्ल्याकडे फिरायला जाताना, आपण दुसऱ्या कशावर भांडलोच नाही. आणि शेवटी तुझी बाजू मलाच मांडावी लागली, भर सभेत, तू ऐकायला नसताना. तू ऐकायला असतास तर मी मुळीच मांडली नसती.

पण मी खोटं बोललो नाही. आपण दोघं लागलो तेव्हा कॉलेज नुकतंच उघडलं होतं. सत्तर सालच्या आसपासचे ते दिवस. स्टेशनवरून गावात यायला टांगा, इमारत अर्धी बांधलेली आणि वर्गावर्गांमध्ये छतापर्यंत न पोचणारी लाकडी फळ्यांची भिंत. तिच्या एका बाजूला मी इतिहास शिकवायचो, दुसऱ्या बाजूला तू अर्थशास्त्र. माझा आवाज खणखणीत. नाटकात काम केलेला माणूस मी, तलवारी काढायचो, तह करायचो, मुलं टाळ्या वाजवायची. तुझ्या बाजूने फक्त खडूचा आवाज यायचा. तू वर्गाकडे पाठ करून फळ्याशी बोलायचास. तेही इंग्रजीत, तेही एम.ए.च्या वेळी स्वतः उतरवून घेतलेलं. समोर बसलेली मुलं मिठागरांच्या गावांतली, वाड्यांमधली, गोखिवऱ्याकडची. मराठी शाळेतून थेट आलेली. ती बिचारी सगळं मान खाली घालून लिहून घ्यायची.

तरी तुझ्यावर ती जीव टाकायची, हे मला कोडं होतं. मग कळलं, तू तासानंतर दाराशी थांबून एकेकाला विचारायचास. वडलांचा ताप उतरला का. बस चुकली का आज. केळीवर रोग आलाय म्हणे, खरं का. तासात तू त्यांना दिसत नव्हतास, दाराशी दिसायचास.

आणि मग तेव्हाचे प्राचार्य तुझा तास बघायला येणार असं ठरलं. तुझं प्रोबेशन संपत आलं होतं, आणि तो तास बरा झाला नाही तर पत्ता कट, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मुलांनाही. पुढे त्यांनी जे केलं ते फक्त आपल्या वसईची मुलं करू जाणे. तुमच्या गावातल्या पोरींनी पुढाकार घेतला. रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये सगळा वर्ग जमवला, त्यात आमच्या आळीतलीही मुलं गेली, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात जशी प्रश्नोत्तरं पाठ करतात, एकानं विचारायचं आणि सगळ्यांनी एका सुरात सांगायचं, तसं त्यांनी तुझं 'मागणी' हे प्रकरण पाठ केलं. प्रश्न त्यांच्याकडे होतेच. मागच्या वर्षीच्या मुलांनाही तू तेच, त्याच क्रमानं विचारले होतेस.

त्या दिवशी प्राचार्य तुझ्या वर्गात शेवटच्या बाकावर लवंग चघळत बसले. मी पलीकडे पानिपतावर होतो, पण माझे कान तुझ्याकडे. तू पहिला प्रश्न विचारलास, अर्थशास्त्र म्हणजे काय. साऱ्या वर्गानं छप्पर उडवणारं उत्तर दिलं. तू इतका दचकलास की दुसरा प्रश्न गिळलास आणि थेट तिसऱ्यावर आलास.

"किंमत वाढली तर मागणीचं काय होतं?"

"इच्छा आणि ऐपत, सर!"

"याला अपवाद असतात का?"

"कमी होते, सर!"

"बरं, एखादा अपवाद सांगा."

"होय सर, असतात!"

तुझा आवाज आता फुटायला आला होता. "भाव चढला की लोक कमी घेतात, अशी आपल्या बाजारातली एक वस्तू सांगा."

"मीठ, सर!"

"कळलं ना सगळ्यांना?"

"केळी, सर!"

माझ्या वर्गात पानिपत केव्हाच थांबलं होतं. माझी मुलं तोंडात रुमाल कोंबून बसली होती. आणि मग भिंतीपलीकडून एक आवाज आला, जो मी तोवर कधीच ऐकला नव्हता. तू हसत होतास. तुझ्या वर्गात, मोठ्यानं. नंतर मुलांनी सांगितलं, तू खडू खाली ठेवलास, वळलास आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलास. म्हणालास, मराठीत म्हणालास, "अरे, उत्तरं तुमची सगळी बरोबर आहेत. माझाच एक प्रश्न वाटेत पडला. चला, शोधू या. 'इच्छा आणि ऐपत', हे कशाचं उत्तर?" मग एक मुलगी काहीतरी बोलली, दुसरा म्हणाला तसं नाही, तिसरा म्हणाला मीठ महाग झालं म्हणून काय अळणी खायचं का, आणि घंटा झाली तरी तुझा वर्ग उठला नाही.

आता एखाद्या गोष्टीत तू तिथूनच थोर शिक्षक झाला असतास. झाला नाहीस. प्राचार्यांनी "आणखी एक वर्ष बघू" एवढंच म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा फळ्याशी बोलायला लागलास. पण एक गोष्ट तुझ्या डोक्यात शिरली होती ती निघाली नाही. त्या शनिवारी अर्धा दिवस संपल्यावर तू मला, रसायनच्या कुलकर्णींना आणि मराठीच्या बाईंना थांबवून घेतलंस. म्हणालास, "आपल्या मुलांनी दिलेलं एकेक चुकीचं उत्तर घेऊन या. हसायचं नाही. ते कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे, ते शोधायचं."

हसायचं नाही म्हणे! मी नेलेलं उत्तर घेऊन मी आठवडाभर स्टाफरूम हसवली होती. प्रश्न होता, पोर्तुगीज वसईला का आले. एकानं लिहिलं होतं, "किल्ला बघायला." तू मात्र गंभीरपणे विचारलंस, "वसईला लोक कशाला येतात?" कुलकर्णी म्हणाले, "किल्ला बघायला." "मग पोराचं काय चुकलं? तो जन्मल्यापासून किल्ला तिथंच आहे, त्याच्या आज्याच्या आधीही तिथंच. सदा, तू तलवारी फार छान काढतोस, पण किल्ला नव्हता तेव्हा इथं काय होतं, हे तू त्याला कधी दाखवलंस?" मला असा राग आला म्हणून सांगू. सोमवारी वर्गात गेलो आणि म्हणालो, "समजा, किल्ला नाही. नुसती खाडी आहे." टाळ्या पडल्या नाहीत. पण हात वर झाले. पुष्कळ हात.

हे तुझं देणं, बस्त्याव. मुलांना हसवणं मला येत होतं, त्यांना विचारायला लावणं मला तू दिलंस, आणि ते घेताना मी एकदाही नीट आभार मानले नाहीत. म्हणायचो काय, तर "तुझ्या बैठकीत चहा बरा असतो."

बैठक वाढत गेली. पाऊस असला की कॉलेजात, नाहीतर तुझ्या ओट्यावर, वहिनींनी तळलेल्या गरम फुग्यांवर ताव मारत. नवीन लागलेला प्रत्येक लेक्चरर तू पकडून आणायचास. एकाची चूक दुसऱ्यासमोर काढायची नाही, एकमेकांच्या तासाला जाऊन मागच्या बाकावर बसायचं, आणि बाहेर येऊन फक्त एवढंच सांगायचं की आपल्याला काय कळलं. एवढेच तुझे कायदे. कुलकर्णी माझ्या तासाला बसून बाहेर आले आणि म्हणाले, "मला कळलं ते असं, की तुमचा आवाज सुंदर आहे." त्या दिवशी मी तुझ्याशी बोललो नाही. वहिनींशी मात्र बोललो, कारण फुगे त्यांनी केले होते.

मग अलीकडे सरकारला सुचलं की प्राध्यापकांनाही शिकवायला शिकवलं पाहिजे, आणि शहरात ते मोठे कोर्स सुरू झाले. पन्नाशीच्या घरात आलेला तू, नव्या पोरांबरोबर हट्टानं गेलास. बगलेत फाइल घेऊन परत आलास आणि ओट्यावर बसून आम्हाला नकला करून दाखवल्यास. "एक गृहस्थ लागोपाठ दोन तास बोलले. विषय काय, तर लेक्चर न देता कसं शिकवावं!" तिसऱ्या दिवशी म्हणे तू हात वर केलास आणि 'विद्यार्थ्यांचा सहभाग' या विषयावर बोलणाऱ्या बाईंना विचारलंस, "आमचा केव्हापासून सुरू होणार?" त्या रागावतील असं वाटलं होतं, त्या हसल्या आणि खुर्च्या गोल मांडायला लागल्या. मी तुला चिडवलं की आता तू सर्टिफिकेटवाला शिक्षक झालास. तू म्हणालास, "बघ, सदा. जन्माच्या दाखल्यावर नाही ना लिहिलेलं?"

बाबा रे, त्यावर मी वहिनींकडे आणखी एक फुगा मागितला.

आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी श्रावणात एकदा मी तुझ्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो. तू काहीतरी विचारलंस आणि गप्प राहिलास. वर्गही गप्प. मी असतो तर मी स्वतःच उत्तर देऊन मोकळा झालो असतो. तू नाही दिलंस. खिडकीतून मला दिसत होतं, तू टेबलाला टेकून सगळ्यांकडे बघत होतास, अगदी दाराशी थांबून बघायचास तसा. मग मागून एक मुलगी हळू आवाजात बोलायला लागली, आणि बोलतच राहिली. त्या क्षणी मला वाटलं, या माणसाइतकं चांगलं शिकवणारा आपल्या कॉलेजात कुणी नाही. मी धरून. तुला हे सांगितलं असतं तर वाद मी हरलो असतो, म्हणून सांगितलं नाही. आता हरतो. हरलो बघ.

हे सगळं, थोडं आवरून, मी शोकसभेत सांगितलं. 'केळी, सर' ला सभागृह आधी घाबरत आणि मग मोकळेपणानं हसलं. फादरसुद्धा हसले. प्राचार्यांनी चष्मा परत घातला. ग्रंथपालबाई रडत रडत हसत होत्या. नलिनी मात्र हसली नाही. सभा संपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही माझ्यासाठी वाढवून सांगितलंत ना?" मी शपथ घेतली तरी तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, तिचा विश्वास बसला नव्हता. चांगला आवाज असलेल्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे तू म्हणायचासच.

सोमवारी वहिनी तुझं सामान न्यायला स्टाफरूममध्ये आल्या. सामान म्हणजे काय, छत्री, दोन पुस्तकं आणि त्या तुझ्या रबरी चपला. पहिल्या तासाला अजून अवकाश होता. नलिनी खिडकीशी बसली होती, टिपणं उलटसुलट करत. पदरानं घाम पुसत वहिनी तिच्यासमोर टेकल्या. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा नेहमीसारखा रुसलेला.

नलिनीनं धीर करून विचारलं, "बाई, सरांना खरंच सुरुवातीला भीती वाटायची?"

"सुरुवातीला?" वहिनी म्हणाल्या. "गो बाय, रोज वाटायची. गेल्या आठवड्यापर्यंत. कॉलेजला निघायच्या आधी माणसाचे हात बर्फ. कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून बसायचा, कॉफी प्यायची म्हणून नाय, हात गरम करायला. मी म्हणायचे, आता केस पिकले, आता कसली भीती? तर म्हणायचा, मुलं नवीन आहेत ना."

बस्त्याव! मला? मला तू हे कधी सांगितलं नाहीस. माझ्या शेजारच्या वर्गात जाताना, माझ्याशी वाद घालत जिना चढताना, तुझे हात गार असायचे, आणि मी तुझ्या पाठीवर थाप मारून पुढे जायचो. एकदा तुझा हात हातात घेतला असता तरी कळलं असतं.

नलिनीनं आपला हात टेबलावरून पुढे केला. वहिनींनी तो धरला, मग दुसरा धरला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. तू गेल्यापासून मी त्यांना असं बघितलं नव्हतं. "अगदी असेच," त्या म्हणाल्या. "भाऊ, हात लावून बघा. अगदी असेच असायचे त्याचे."

"मग जायचे कधी गार हात?" नलिनीनं विचारलं.

"वर्गात कुणी काय विचारलं की जायचे म्हणे. त्याच्या आधी नाय."

घंटा झाली. नलिनीनं टिपणं उचलली, पुन्हा खाली ठेवली, नुसता खडू घेतला आणि गेली. तुझी छत्री आणि चपला घेऊन वहिनी निघाल्या, मी त्यांना सोडायला. तिच्या वर्गापाशी आलो तशा त्या थांबल्या. मीही थांबलो. आत पुटपुटल्यासारखा आवाज चालला होता, शब्द काही लागत नव्हता. बराच वेळ तसंच. मी हळूच म्हटलं, वहिनी, चला. त्या हलल्या नाहीत.

मग मागच्या बाकावरून एक भरदार आवाज आला, मिठागरांकडच्या पोराचा. "मॅडम, काय समजला नाय. परत सांगा ना."

आणि मग नलिनीचा आवाज, व्हरांड्यापर्यंत स्वच्छ: "कुठपासून?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "झाले गरम," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.